खंड्या पॉइंट धरतो पण टिकवत नाही : ७ महिन्यांचा जीएसपी, मुंबईत राहून शिकारीची तयारी कशी करावी?

खंड्याची_आई (मुलुंड पूर्व)

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर (जीएसपी) आहे, नर, नुकतेच ७ महिने पूर्ण झाले, वजन २३ किलो, डोकं चॉकलेटी आणि अंगावर पांढऱ्यात तपकिरी ठिपके. नाव खंड्या. घरी आला त्याच आठवड्यात गॅलरीत असा टक लावून बसला होता की सासूबाई म्हणाल्या अगं हा तर तारेवरचा खंड्याच, तेच नाव पडलं.

तर झालंय असं की नवऱ्याची ट्रान्सफर मिनियापोलिसला होतेय, जूनमध्ये आम्ही सगळे जाणार, खंड्यासकट. त्याच्या तिकडच्या टीममधले एक जण दरवर्षी फेझंट आणि ग्राउज या रानपक्ष्यांच्या शिकारीला जातात. त्यांनी व्हिडिओ कॉलवर खंड्याला बघितलं आणि म्हणाले याला नक्की आणा, ऑक्टोबरमध्ये माझ्याबरोबर घेऊन जाऊ, फक्त तोपर्यंत बिघडवू नका. आता बिघडवू नका म्हणजे नेमकं काय करायचं नाही तेच मला कळेना. आमच्या दोन्ही घरांत बंदूक कधी कुणी हातात धरलेली नाही. पण हा कुत्रा ज्या कामासाठी घडलाय ते काम त्याला एकदा तरी नीट करायला मिळावं असं मला मनापासून वाटतं, रोज बघते ना त्याला.

सोसायटीच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी कबुतरं उतरतात. खंड्याला वास आला की तो चालता चालता एकदम थिजतो, यालाच पॉइंट धरणं म्हणतात. पुढचा उजवा पाय अर्धा वर, शेपूट सरळ, नाकपुड्या तेवढ्या हलत असतात, बाकी काही नाही. मला तर श्वास घ्यायला भीती वाटते. पण दोन-तीन सेकंद झाले की मांडीचे स्नायू थरथरायला लागतात, पोट खाली घेऊन एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मग झेप. कबुतरं उडतात, बिल्डिंगमधली मुलं टाळ्या वाजवतात, ती तर आता मुद्दाम त्याला "छू" करतात.

विचारायचं ते हे की हे दोन-तीन सेकंद वाढवायचे कसे. इथल्या एका ट्रेनरला बोलावलं होतं, त्याने दोन दिवसांत "स्टे" शिकवतो म्हणून काट्यांचा पट्टा घालून इतके झटके दिले की तिसऱ्या दिवशी बेल वाजल्याबरोबर खंड्या पलंगाखाली गेला, मी त्या ट्रेनरला बंद केलं. दुसरं म्हणजे दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री खाली माळ लागली तर हा बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसला, दोन तास बाहेर आला नाही. असा कुत्रा पुढे बंदुकीला घाबरणारच का? आणि तिसरं, ओळखीतले एक जण म्हणतात मुरबाडकडे त्यांच्या शेतावर या, पिंजऱ्यातले बटेर सोडू, एअरगन पण आहे, एका दिवसात कुत्रा तयार होईल. हे चालतं का?

---

मिनेसोटाकर (मूळ डोंबिवली)

ताई, मी १२ वर्षं सेंट पॉलजवळ राहतोय आणि माझ्याकडे जीएसपीच आहे, मादी, आता ९ वर्षांची, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून आधी तिच्या कानामागे खाजवून आलो.

पहिलं मनावरचं ओझं काढा. ७ महिन्यांच्या पिल्लाने दोन-तीन सेकंद पॉइंट धरून झेप घेणं ही अजिबात खोड नाही. पॉइंट म्हणजे कुठलाही शिकारी प्राणी झडप घालायच्या आधी जो क्षणभर थबकतो ना, तोच थबका आहे, माणसांनी निवडून निवडून पैदास करत तो लांबवलाय. थबकणं रक्तातून येतं, टिकवणं शिकवावं लागतं, आणि ते शिकवायचं वय अजून यायचंय. इथे बहुतेक जण पहिल्या सीझनला पिल्लाकडून फक्त एवढंच बघतात की त्याला पक्ष्याचं वेड आहे ना, नाक वापरतो ना, आणि हाकेला येतो ना.

टिकवणं कसं शिकतात ते सांगतो म्हणजे काय टाळायचं ते कळेल. इथे ट्रेनिंगला पाळीव कबूतर एका स्प्रिंगच्या पेटीत ठेवून गवतात लपवतात, रिमोट आपल्या हातात असतो. कुत्र्याला वाऱ्यावर वास येतो, तो थिजतो, थिजला तर सगळं शांत. एक पाऊल जरी पुढे टाकलं तरी पेटी उघडते आणि कबूतर उडून थेट आपल्या खुराड्यावर. ओरडणं नाही, झटका नाही. पंधरावीस वेळा असं झालं की कुत्र्याच्या डोक्यात आपोआप बसतं की मी हललो तर पक्षी जातो. म्हणजे शिकवतो पक्षी, आपण नाही. आता याच्या उलट विचार करा, मुंबईचं कबूतर. माणसांना सरावलेलं, सुस्त, अगदी पायाशी येईपर्यंत उडत नाही. खंड्या पोट खाली घेऊन सरकतो आणि कबूतर बसूनच राहतं, म्हणजे त्याला धडा काय मिळाला, की सरकलं तर फायदा होतो. आणि एखाद दिवशी आजारी कबूतर तोंडात सापडलं की मग तो धडा पुसायला वर्ष जाईल. तुमच्या मित्रांनी बिघडवू नका म्हटलं ते बहुतेक यासाठीच. तेव्हा टाकीपाशी जाणं बंद, आणि मुलांचं छू तर आजपासून बंद, मुलांना प्रेमाने सांगा की हा थिजला की आपण सगळ्यांनी पण स्टॅच्यू व्हायचं, मुलं ऐकतात.

यूट्यूबवर काठीला दोरी आणि दोरीला पंख बांधून पिल्लाला नाचवताना दाखवतात. एकदोनदा गंमत म्हणून ठीक, रोज नको. त्यात तो डोळ्याने पॉइंट करायला शिकतो आणि आपल्याला हवा नाकाने. गॅलरीतून दिवसभर कबुतरं बघत बसणं हाही तोच प्रकार, तिथे खाली पडदा लावा.

फटाक्यांचं. यावर मी जरा कळकळीने लिहितोय कारण ही चूक माझी स्वतःची आहे. माझी पहिली कुत्री, हिच्या आधीची, ८ महिन्यांची होती. हौसेने पाच जणांच्या ग्रुपबरोबर फेझंटला नेली. एक नर फेझंट उडाला आणि तिच्या डोक्यावरून चार बंदुका एकदम वाजल्या. ती वळली, पार्किंगपर्यंत पळाली आणि ट्रकच्या खाली चाकाला चिकटून बसली. मी पालथा पडून हात घालून तिला बाहेर ओढली तेव्हा तिचं काळीज माझ्या तळहातावर नुसतं धडधडत होतं. त्यानंतर दोन वर्षं ती गाडीची डिकी उघडली तरी कापायची. तेव्हा बंदुकीला घाबरणारा कुत्रा बहुतेक वेळा जन्मत नाही, आपण बनवतो. क्रम असा असतो की आधी पक्ष्याचं वेड, मग आवाज. कुत्रा उडणाऱ्या पक्ष्यामागे जीव तोडून धावत असतो तेव्हा शंभर यार्डांवरून कुणीतरी रिकाम्या काडतुसाचं छोटं पिस्तूल वाजवतं, त्याचं लक्षही जात नाही. मग दिवसांमागून दिवस अंतर कमी. हे सगळं इथे आल्यावर, तिथे काहीही वाजवून बघू नका. दिवाळीत बादलीमागे बसला म्हणजे संपलं असं नाही, पण सावध राहायला हवं हे खरं.

इथलं थोडं. फेझंटचा सीझन ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो, ग्राउजचा त्याच्या महिनाभर आधी. फेझंटमध्ये फक्त नर मारायचा, सुरुवातीला दिवसाला दोन, १ डिसेंबरपासून तीन. अंगावर कमरेच्या वर भडक नारिंगी किंवा गुलाबी काहीतरी हवंच. आणि ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना लायसन्स काढायच्या आधी फायरआर्म सेफ्टीचा कोर्स लागतो. साहेब एच-वन व्हिसावर येत असतील तर हंटिंग लायसन्स हातात आल्याशिवाय मित्राची बंदूक "जरा धर" म्हणूनसुद्धा धरायची नाही, हा फेडरल कायदा आहे आणि याने लोकांचे व्हिसा गोत्यात येऊ शकतात. आणि खरं सांगू का, सगळी मजा कुत्र्याबरोबर नुसतं चालण्यातच आहे.

अजून एक. इथे नावडा (NAVHDA) म्हणून संस्था आहे, १९६९ पासून, पॉइंटिंग कुत्र्यांच्या परीक्षा घेते. त्यांची सर्वांत पहिली परीक्षा उपजत गुणांची असते, शोधणं, पॉइंट, माग काढणं, पाण्यात उतरणं, आवाजाला दचकतो का ते. ती १६ महिन्यांपर्यंतच देता येते. तुम्ही जूनमध्ये आलात तर खंड्या १४ महिन्यांचा असेल, म्हणजे दोन महिने हातात. त्या परीक्षेत पॉइंट टिकवण्याची सक्ती नाही, दाखवला तरी पुरे. जवळच्या शाखेला आत्ताच मेल टाकून ठेवा, जागा लवकर भरतात.

---

पक्षीवेडा_ठाणे

ताई तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, मुरबाडला जाऊ नका. अजिबात नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे त्यात शिकार या शब्दाची व्याख्याच एवढी मोठी आहे की मारणं, पकडणं, हाकणं, आमिष लावणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. घरटं किंवा अंडी विस्कटणंसुद्धा. पिंजऱ्यातले आहेत म्हणून चालतं असंही नाही, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बंदिवासातले प्राणी सोडून त्यांच्यावर नेम धरण्याच्या खेळावर वेगळी बंदी आहे. आणि मुरबाडच्या माळावर तुमचा पिंजऱ्यातला बटेर कुठला आणि रानातला लावा कुठला हे खंड्याला कळणार आहे का, तित्तिराची जोडी समोर आली तर तो तिच्यावरही जाणारच. तुम्ही तिकडे जाऊन तिथल्या नियमाने काय कराल तो तुमचा निर्णय, मला स्वतःला शिकार पटत नाही हे सांगून ठेवतो, पण इथे नको.

बीचबद्दल पण बोलायचंय कारण पुढे कुणीतरी अक्सा, गोराई सुचवणारच. नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यावर चिखल्या, तुतवार असे छोटे पाहुणे पक्षी हजारो मैलांवरून आलेले असतात. ओहोटीला वाळूत टिपत असतात ते काही गंमत म्हणून नाही, परतीच्या प्रवासाची चरबी साठवत असतात. कुत्रा दर दहा मिनिटांनी थवा उडवतो, कुत्र्याला बरं वाटतं आणि त्या पक्ष्याचा दिवस वाया. मोकळ्या माळावर मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवीची अंडी उघड्यावर खड्यांसारखी पडलेली असतात, कुत्र्याला काय माणसालाही दिसत नाहीत. नॅशनल पार्कात कुत्रा नेता येत नाही, आरेच्या बाजूला बिबट्या आहे. म्हणून मोकळं सोडायचं तर भिंतीच्या आतलं मैदान शोधा.

हे सगळं मी तुमचा हिरमोड करायला लिहीत नाहीये. मला पॉइंटर कुत्र्यांबद्दल प्रचंड आदर आहे आणि त्याचं कारण शिकार नाही. न्यूझीलंडमध्ये किवी आणि काकापो हे न उडणारे पक्षी शोधायला अशीच कुत्री वापरतात, पॉइंटर, सेटर, तुमच्या खंड्याच्या जातीचीसुद्धा. कुत्रा पक्षी शोधतो, थांबतो, माणूस जाऊन त्याला पायात कडी किंवा ट्रान्समीटर घालतो आणि सोडून देतो. कामावर असताना कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधलेलं असतं. १८९० च्या दशकात रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाने मुसकं घातलेली कुत्री घेऊन काकापो शोधले आणि बोटीतून बेटावर हलवले, म्हणजे ही कल्पना काही आजची नाही. नॉर्वेमध्ये तर ऑगस्टमध्ये डोंगरातल्या टार्मिगन म्हणजे ग्राउजच्या कुळातल्या पक्ष्यांची मोजणीच पॉइंटिंग कुत्र्यांकडून करतात, कुत्रा पॉइंट धरतो तिथे किती पक्षी उठले, चालण्याच्या ठरलेल्या रेषेपासून किती लांब, ते लिहीत जातात, आणि त्या आकड्यांवरून त्या वर्षी शिकारीला किती मोकळीक द्यायची ते ठरतं. म्हणून म्हणतो खंड्याचा तो थबका मौल्यवान आहे, बटेर मारण्यात घालवू नका.

---

वसईचा_भाऊ

पक्षीवेडा भाऊंशी १०० टक्के सहमत, आणि मिनेसोटाकर दादांशी ९० टक्के. १० टक्के यासाठी की ते म्हणतात आधी पक्ष्याचं वेड मग शिस्त. तिकडे ठीक आहे, तिकडे एकराएकरांची शेतं आणि खुराड्यातली कबुतरं आहेत. इथे मुलुंडमध्ये वेड वाढवलंत तर ते वेड जाणार कुठे, रस्त्यावर रिक्षाखाली. मुंबईत आधी थांब आणि हाक, पक्षी जूनमध्ये, ते दादा बघतीलच.

मी गेली २० वर्षं कुत्री शिकवतो, बहुतेक लॅब आणि शेफर्ड, पॉइंटर चारपाच झाले असतील. त्यातून जे जमलं ते सांगतो.

घरात जेवायचा लाकडी पाट आहे ना, तो घ्या. पंगतीतला असतो तसा, खाली दोन पट्ट्या असलेला, जमिनीपासून दोनेक इंच वर. खंड्याचे चारही पाय मावतील एवढा मोठा हवा, नसेल तर प्लायवूडचा तुकडा ठोकून घ्या. वर गोणपाट लावा म्हणजे घसरणार नाही. जेवणाच्या वेळी त्याला पट्ट्याने चालवत पाटावर न्या, चारही पाय वर आले की तुम्ही थांबा. बोलायचं काही नाही. तो उतरला की शांतपणे परत फिरवून आणायचा, त्याच जागी, आणि त्याच दिशेला तोंड. ओरडायचं नाही, "नाही नाही नाही" करायचं नाही. पाच सेकंद उभा राहिला की तुम्ही त्याच्याकडे चालत जा, तिथेच उभ्या उभ्या त्याच्या कुशीवरून एकदा सावकाश हात फिरवा, मग सुटीचा शब्द आणि जेवण. यातली खुबी ही की बक्षीस त्याच्यापर्यंत चालत येतं, तो बक्षिसाकडे जात नाही. शिकारीत पण तेच आहे ना, तो उभा आणि माणूस चालत येतो.

बसवू नका हां. बस शिकवलेला कुत्रा पॉइंटवर दडपण आलं की बसतो, आणि पॉइंटवर बसलेला जीएसपी बघवत नाही. उभंच ठेवायचं.

आठ दिवस शब्द नाही. पाटावर गेला की आपणहून स्थिरावतोय असं दिसलं की मग शब्द लावा, "थांब". अमेरिकेत व्हो म्हणतात, पण त्यांच्याकडेच लोकांची तक्रार असते की ते नो सारखं ऐकू येतं. आपलं थांब छान आहे, शेवटी ओठ मिटतात, शब्द तोडल्यासारखा येतो. कुत्र्याला भाषा नसते, तिकडच्या मित्रांना सांगा तुम्ही पण थांब म्हणा. पुढे पाट हॉलमधून पॅसेजमध्ये, मग गच्चीवर, मग खाली कंपाउंडमध्ये, मग पाटाशिवाय. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची, जागा नवीन तर वेळ कमी. पाच सेकंदांचे तीस सेकंद व्हायला महिना लागला तरी चालेल.

हाकेसाठी २५-३० फुटी दोर घ्या, नायलॉनचा पातळ नको, हात कापतो, सुती जाड घ्या. दोर मोकळा जमिनीवर घसटत राहू दे, तो लांब गेला की एक शिट्टी, आला की चांगलं खाणं, न आला तर दोर हळू गोळा करत त्याच्याकडे जायचं. दोर पायात अडकलेला असताना हिसका मारायचा नाही. शिट्टी आत्तापासून लावा, वाऱ्यात आवाज पोचत नाही.

आणि नाकाचं काम पक्ष्याशिवाय भरपूर करता येतं. चिकनवाल्याकडून कोंबडीची नाहीतर बदकाची पिसं आणा, जुन्या मोज्यात भरा. बाहेर पडलेली रानपक्ष्यांची पिसं किंवा कबुतरांची घाण उचलू नका. संध्याकाळी चार-पाचला आपल्याकडे समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, तो मुंबईकरांना फुकटात मिळालेला मास्तर आहे. मैदानावर जाऊन मोजा गवतात लपवा आणि तिथेच एक उदबत्ती लावून बघा धूर कसा जातो. सुरुवातीला बारीक रेघ, पुढे पुढे पसरत पंख्यासारखा. वास अगदी तसाच पसरतो. मग कुत्र्याला पूर्वेकडून आणा, वाऱ्याला आडवं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. तो त्या पंख्याच्या कडेला शिरला की त्याचं डोकं असं खटकन वळतं, दोर हातात असतोच, तिथे फक्त दोर घट्ट धरा आणि "थांब". ओढायचं नाही, पुढेही जाऊ द्यायचं नाही. तुम्ही चालत जा, मोजा उचला, आणि तोच त्याच्याकडे घेऊन या. पहिल्यांदा हे होतं तेव्हा कुत्रा आपल्या तोंडाकडे असा बघतो ना की विचारू नका.

त्या ट्रेनरला बंद केलंत ते फार बरं केलंत. आता महिनाभर गळपट्टाच बदला, हार्नेस वापरा, काट्याच्या पट्ट्याची आठवण मानेत बसलेली असते.

---

व्हेट_ताई (दादर)

शिकवण्याचं वर छान आलंय, मी फक्त शरीराचं आणि कागदांचं बोलते.

७ महिन्यांत हाडांची टोकं अजून जुळलेली नसतात. वर्ष-सव्वा वर्ष होईपर्यंत सायकलच्या मागे पळवणं, सिमेंटवर बॉल फेकून उड्या मारायला लावणं, जिने खालीवर, हे नको. मातीवर मोकळं धावणं चालेल, तो दमला की थांबेल. पळायच्या आधी आणि नंतर तासभर तरी पोटभर जेवण नको, अशा खोल छातीच्या जातींमध्ये पोटाला पीळ पडायचा धोका असतो, आणि ती वेळ आली तर मिनिटं मोजावी लागतात. फेब्रुवारीनंतर सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच. रस्त्यावर स्वतःचा तळहात ठेवून बघायचा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही नाही. गवतातून आला की बोटांच्या फटीत आणि कानाच्या आत गोचीड शोधा, टिक फीवर मुंबईत वर्षभर आहे. लेप्टोची लस बाकी असेल तर पावसाच्या आधी पूर्ण करा, तुम्ही जूनमध्येच जाताय म्हणजे मेमध्ये नको, आधीच.

आता महत्त्वाचं. अमेरिकेच्या सीडीसीने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदललेत आणि भारत त्यांच्या रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे. आधी मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस, हा क्रम उलटा झाला तर ती लस धरत नाहीत. बऱ्याच पिल्लांना लस आधी दिलेली असते आणि चिप नंतर, तसं असेल तर चिप तपासून लस परत घ्यावी लागेल. मग लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढून अँटीबॉडीची टेस्ट, तीही मान्यताप्राप्त लॅबमध्ये, आणि रक्त काढल्यापासून तिकडे पोचेपर्यंत निदान २८ दिवस जायला हवेत. ही टेस्ट नसेल तर तिकडे २८ दिवस क्वारंटाइन, स्वतःच्या खर्चाने. शिवाय थेट मिनियापोलिसला उतरता येत नाही, ज्या विमानतळांवर त्यांचं नोंदणीकृत प्राणी केंद्र आहे तिथेच, जसं न्यूयॉर्कचं जेएफके, आणि तिथे आधी बुकिंग लागतं. जून म्हणजे लांब आहे असं वाटतं पण जानेवारीत सुरुवात करा.

---

खंड्याची_आई (मुलुंड पूर्व)

तुम्ही सगळ्यांनी एवढं वेळ काढून लिहिलंत, मी प्रिंट काढून फ्रिजला लावलंय खरंच. मुरबाड रद्द, त्यांना कायद्याचं सांगितलं तर थोडे नाराज झाले, असू दे. व्हेट ताई, फाइल काढून बघितली, लस ऑगस्टची आणि चिप सप्टेंबरची. तुम्ही बोलला नसतात तर आम्ही जेएफकेला अडकलो असतो. पुढच्या आठवड्यात परत लस.

भाऊ, पाट सासूबाईंचा आहे, सागवानी, त्यांच्या लग्नातला. मागायला मला संकोच वाटत होता तर त्याच म्हणाल्या घे, माणसं तर आता टेबलावरच जेवतात.

---

खंड्याची_आई (मुलुंड पूर्व)

पाच आठवड्यांनी अपडेट.

पहिले चार दिवस तो पाटावर चढायचा आणि लगेच उतरून माझ्याकडे बघायचा, काय चाललंय म्हणून. पाचव्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि मागे वळले तर हा आपणहून पाटावर उभा, भांडं रिकामं, आणि माझी वाट बघतोय. मी पीठाच्या हातानेच गेले त्याच्याजवळ. आता हॉलमध्ये ४० सेकंद, गच्चीवर २०. थांब शब्द सासूबाईंचा सगळ्यात जास्त ऐकतो. मी म्हटलं तर एक कान हलवून विचार करतो, त्या म्हणाल्या तर तिथेच खांब. त्या एकदाच म्हणतात आणि मी तीनदा म्हणते, हे माझं मला कळलंय, सुधारतेय.

मुलांचं स्टॅच्यू जबरदस्त चाललंय. परवा खाली तो थिजला तर सात मुलं जागच्या जागी थिजली, एकाचा हात बॉल टाकता टाकता वरच राहिला, वॉचमन काकासुद्धा थांबले. खंड्याने मान न हलवता डोळे फक्त बाजूला करून सगळ्यांकडे बघितलं आणि तेरा सेकंद राहिला. कबूतर स्वतःच उडून गेलं. तो धावला नाही! दोर माझ्या हातात होता पण ताण आलाच नाही. मी त्याच्याजवळ जाऊन कुशीवरून हात फिरवला तेव्हा माझाच हात थरथरत होता.

(हो, टाकीपाशी मुद्दाम नव्हतो गेलो, गेटवरून येताना मधे आलं.)

आवाजाचं काहीच केलेलं नाही, पण आता लग्नसराई आहे आणि समोरच्या हॉलवर रोज वरात. काल बँड सुरू झाला तेव्हा तो कोपऱ्यात गेला, पण बादलीमागे नाही, माझ्या पायाशी येऊन बसला. याला चांगलं म्हणू की वाईट? त्या वेळी मी त्याला कुरवाळायचं की दुर्लक्ष करायचं, दोन्ही सल्ले ऐकलेत.

---

मिनेसोटाकर (मूळ डोंबिवली)

तेरा सेकंद! ताई या वयात माझ्या दोन्ही कुत्र्यांनी तेरा सेकंद दिलेले नाहीत. वसईच्या भाऊंचे १० टक्के मी मान्य केले.

बँडला तुमच्याकडे आला हे चांगलंच. येऊ द्या, हात ठेवा, जवळ घेतलं म्हणून भीती वाढत नाही. फक्त त्याला खिडकीकडे ओढून "बघ काही नाही" करू नका. आवाज लांब असताना, म्हणजे वरात अजून नाक्यावर असताना त्याचं सगळ्यात आवडतं खाणं काढा, गेटपाशी आली की खिडकी लावून आतल्या खोलीत. लांबून आवाज म्हणजे खाणं एवढंच जूनपर्यंत जमलं तरी माझं इथलं काम अर्धं होईल. खाणं नाकारलं तर समजा वरात फार जवळ आली.

आणि तारीख कळली की लिहा. माझ्याकडे पेटी आणि खुराडं दोन्ही आहे, गाडीने तुमच्यापासून अर्धा तास. सासूबाई येणार आहेत का? थांब म्हणायला त्याच लागतील.

---

खंड्याची_आई (मुलुंड पूर्व)

येणार आहेत, सहा महिन्यांसाठी. पाट पण घेऊन येतोय, चेक-इन बॅगेत मावतो, मोजून बघितला.